आजोळची वंशावळ शोधतेय: मराठवाड्यातले जुने कागद कुठे आणि कसे बघायचे?

लेंडीकाठची

नमस्कार मंडळी. माझं माहेर उदगीर तालुक्यातलं, आता मुक्काम लातूरला. आई ८४ वर्षांची आहे, माझ्याकडंच असते. दिवाळीच्या आधी माळ्यावरची भांडी काढली, त्यात आजीच्या लग्नातली पितळी घागर निघाली. चिंच-मीठ लावून घासली तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं उमटली: "...बाई यांजकडून, शके १८५९". बाईच्या आधीची अक्षरं पार झिजलीत. घागर कमरेवर घेताना नेमकी तिथंच घासली जात असणार.

आई म्हणाली, ही माझ्या आईच्या आईनं दिलेली. नाव विचारलं तर तिला आठवेना. "आम्ही मोठीआईच म्हणायचो की गं." गावाचं नाव हिप्परगा, एवढं सांगते. पण हिप्परगा नावाची गावं आपल्याकडं ढिगानं आहेत. आडनावही नक्की नाही, कारण मामा लोकांनी पुढं गावावरून "कर" लावलं.

वडिलांकडची वंशावळ आमच्या भाऊबंदांकडं सात पिढ्यांची लिहिलेली आहे. त्यात एकाही लेकीचं, सुनेचं नाव नाही. म्हणून मला ही दुसरी बाजू शोधायची आहे आणि आई आहे तोवर शोधायची आहे. कुठून सुरुवात करू? उर्दू येत नाही, मोडी येत नाही.

बालाघाटी

ताई, कागदाच्या मागं नंतर लागा. कागद पन्नास वर्षं गठ्ठ्यात पडून आहे, आणखी सहा महिने राहील. आईजवळ आधी बसा.

मी ३४ वर्षं बीड जिल्ह्यात शाळेवर होतो, निवृत्तीनंतर आमच्या भावकीचं काम केलं. अनुभव सांगतो. म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली?" असं विचारू नका. साल त्यांच्या डोक्यात नसतंच. "अॅक्शनच्या आधी का नंतर?" असं विचारा. सप्टेंबर १९४८ ची, निजामाचं राज्य गेलं ती पोलीस अॅक्शन आपल्याकडं प्रत्येक घराला आठवते: कोण गाव सोडून बार्शीकडं गेलं, कोण रानात लपलं, कोणाचं घर जळालं. तसाच ७२ चा दुष्काळ. "तुझा थोरला खडी फोडायला होता का तेव्हा? सुकडी कोण आणायचं?" असं विचारलं की पोरांची वयं आपोआप बाहेर पडतात. त्याच्याही मागं जायचं तर मानमोडी. १९१८ च्या तापाच्या साथीला आपली जुनी माणसं मानमोडी म्हणत. "आमचा आजा मानमोडीत गेला" हे वाक्य माझ्या चुलतीच्या तोंडून निघालं आणि तिच्या वडिलांचं अंदाजे वय मला मिळालं.

दुसरं, एका बैठकीत सगळं काढू नका. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पण मोबाईल तोंडासमोर धरू नका, बाजूला ठेवा. निवडटिपण करत, शेंगा फोडत बसलं की माणूस जास्त बोलतं. आणि एकच गोष्ट पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. दोन्ही वेळा सारखं आलं ते पक्कं धरा, वेगळं आलं तिथं खूण करून ठेवा.

मांजराकाठ

वाचतोय. आमच्याकडं पण घंगाळावर आजोबांचं नाव आहे, कधी नीट बघितलंच नाही. उद्या काढतो.

दप्तरबंद

लेंडीकाठची ताई, मी तहसीलमध्ये अव्वल कारकून होतो, रेकॉर्ड रूम बरीच वर्षं माझ्याकडं होती. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. निलंगा, अहमदपूरही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. म्हणजे तुमच्या पणजीचं गाव न हलता तीन जिल्हे फिरलं. जुन्या कागदावर "जिल्हा बीदर" दिसलं तर तो आपला नाही म्हणून बाजूला टाकू नका. तहसीलचं दप्तर आधी उदगीरलाच बघा. जिल्हा पातळीवरच्या जुन्या मिसलीचा (प्रकरणाच्या फायलीचा) पत्ता तिथं लागला नाही, तर बीदरला चौकशी करायची.

नावांचंही तसंच. अंबाजोगाई निजामाच्या कागदात मोमिनाबाद आहे. धाराशिवचा जिल्हा त्याआधी नळदुर्ग नावानं होता.

आता कोणते कागद मागायचे ते. नुसतं "जुनं रेकॉर्ड दाखवा" म्हटलं तर कोणी दाखवणार नाही, नाव घेऊन मागावं लागतं:

खासरा पाहणी पत्रक, १९५४-५५ च्या सुमाराचं. आपल्या भागात वहिवाटीचा हा कणा आहे. सर्व्हे नंबरवार कब्जेदाराचं नाव, बापाचं नाव असतं. सातबारा त्याच्यानंतरचा.
त्याआधीची पहाणी पत्रकं, फसली सनाची, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाची.
१९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही. जिथं शिल्लक आहे तिथं सोनं आहे, कारण घरातल्या सगळ्या माणसांची नावं मिळतात, बायामुलांसकट.
कुळाची नोंदवही. हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० चा, त्यानंतर ही कागदपत्रं वाढली.
इनाम जमीन असेल तर मुंतखब. इनाम कोणाच्या नावे मंजूर, वारस कोण, हिस्सा किती, हे त्यात येतं. एक मुंतखब सापडलं तर तीन-चार पिढ्या एका झटक्यात मिळतात.
भूमी अभिलेख कार्यालयात सेतवार (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याचं रजिस्टर) आणि टिपण बुक (मोजणीच्या नोंदी).

अर्ज साध्या कागदावर करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, गाव, सर्व्हे नंबर आणि सन स्पष्ट लिहा. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर त्या गावातल्या आजच्या भाऊबंदांचा सातबारा ऑनलाइन काढा, तिथून जुन्या फेरफारांच्या नंबराचा माग काढत मागं चला. फेरफार म्हणजे निम्मी वंशावळ: "अमुक मयत, वारस अमुक", असं साखळीनं मागं जाता येतं.

आणि एक. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातले सगळे जुने गठ्ठे उघडले गेले, कुणबी नोंदी शोधायला. आरक्षणाबद्दल या धाग्यावर बोलायला नको, पण या शोधामुळं कितीतरी कागद पहिल्यांदा झाडले गेले, स्कॅन झाले. कोणत्याही जातीच्या माणसाला त्याचा उपयोग आहे. तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर जरूर बघा.

किनवटकर_पोरगा

दप्तरबंद काका, आमचं किनवट तेव्हा आदिलाबादमध्ये होतं ना?

दप्तरबंद

होय, किनवट आणि राजुरा आदिलाबादचे. १९५६ मध्ये दोन्ही नांदेडला जोडले, राजुरा पुढं चांदा जिल्ह्यात गेला. उलट नांदेडचा मुधोळ-भैंसा भाग आणि देगलूरचा बिचकुंदा, जुक्कल हा भाग तिकडं आंध्रात गेला. त्या पट्ट्यातल्या सोयरिकी शोधायच्या असतील तर आज तेलंगणात जावं लागतं. निजाम सरकारचं वरिष्ठ दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. पण घरगुती शोधासाठी एकदम तिथं पळू नका, तहसीलचं झाल्याशिवाय तिथं काय मागायचं हेच कळत नाही.

शिकस्त

सलाम. मी परभणीचा, उर्दू माध्यमात शिकवतो. गेली काही वर्षं जुने महसुली कागद वाचून देतो.

निजाम सरकारात आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास उर्दू आली. पण कागदावरची उर्दू छापील पुस्तकासारखी नसते. शिकस्त म्हणजे घाईचा, मोडका हात. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, अर्धे गाळलेले. त्यामुळं "मला उर्दू येतं" म्हणणारा प्रत्येक जण हे वाचू शकत नाही, पैसे देण्याआधी एक ओळ वाचून घ्या.

फसली सन काढायची सोपी रीत: त्यात ५९० मिळवा. फसली १३४७ म्हणजे १९३७. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं, म्हणून कागद जानेवारीनंतरचा असेल तर ५९१. महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी, आजूर पहिला. ताईंच्या घागरीवरचा शके १८५९ म्हणजे १९३७-३८. लग्न उन्हाळ्यातलं असलं तरी पहाणी फसली १३४६ ते १३४८ या तीन सनांची मागावी, एकच सन मागितलं तर हुकण्याची भीती.

काही शब्द ओळखीचे करून ठेवा. वल्द म्हणजे मुलगा, अमुक वल्द तमुक. मराठी मोडी कागदात त्या जागी बिन येतं. साकिन म्हणजे राहणार. कौम म्हणजे जात. खुष्की म्हणजे जिरायत, तरी म्हणजे पाण्याखालची. पैसे "हाली" लिहिले असतील तर निजामाचा सिक्का, "कलदार" असतील तर इंग्रजांचा. कागदावर कलदार दिसला की सीमेपलीकडचा, बार्शी-नगरकडचा व्यवहार असू शकतो.

आणि बायकांसाठी दोन शब्द: जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे अमक्याची विधवा. बाईचं नाव कागदावर येतं ते बहुतेक याच दोन शब्दांच्या आधी. यादी वाचताना मी कुटुंबाचं नाव नंतर बघतो, आधी पानभर "बेवा" शोधतो. ताईंनी तेच करावं असं वाटतं.

फोटो उन्हाच्या उजेडात, सावली न पाडता, पान सपाट करून काढा. इथं टाकताना हयात माणसाचं नाव, सर्व्हे नंबर झाका. जमिनीचे वाद कुठून उठतील सांगता येत नाही.

लेंडीकाठची

शिकस्त दादा, डोळ्यात पाणी आलं वाचून. बेवा हा शब्द आजच कळला. आईला विचारलं तर ती म्हणाली, मोठीआईला तिनं कायम विनाकुंकवाचीच बघितली.

तुळजाईचा_भक्त

तीर्थक्षेत्राच्या वह्या कोणी सांगितल्या नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांकडं गावनिहाय वह्या असतात. घरातलं कोणी दिवसकर्माला गेलं की त्यांच्या हातचा मजकूर आणि सही घेतात. माझ्या आजोबांच्या हातचं अक्षर मी पहिल्यांदा तिथं बघितलं. उपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, मग बरोबर ती वही काढतात. तुळजापूरलाही कोणत्या घराचे पुजारी कोण हे ठरलेलं असतं, त्यांच्याकडं आपल्या घरच्यांची नावं असतात. काशी, प्रयाग, गयेलाही वह्या आहेत, पण आपल्या भागातला साधा शेतकरी तिकडं क्वचितच पोचलेला असतो.

जाताना कुलदैवत, देवक आणि मूळगाव एवढं पाठ करून जा. त्याच्याशिवाय वही उघडत नाही.

दुधनाकाठ

आमच्या गावात दर काही वर्षांनी भाट येतात, वंशावळ वाचतात, नवीन पोरांची नावं लिहून नेतात. त्यांच्याकडं सगळंच तयार आहे. ऑफिसचे हेलपाटे कशाला?

बालाघाटी

दुधनाकाठ भाऊ, भाटांचा मान आहेच, आमच्याकडंही येतात. उमरगा-निलंगा पट्ट्यात हेळवे येतात. पण नीट ऐकून बघा. अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांत नावं, गाव, कोण कुठं स्थायिक झालं, हे बारकाईनं असतं. त्याच्यावर गेलं की थेट राजघराण्याला आणि सूर्यवंशाला जोडतात. मी खालचं घेतो, वरचं वेगळ्या पानावर ठेवतो. आणि त्या वहीतही लेकी नसतात.

एक राहिलं: शाळा. गावच्या जिल्हा परिषद शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर बघा. निजामाच्या काळात सुरू झालेल्या शाळांमध्ये फार जुनी पानं मिळतात. पालकाचं नाव, गाव, जात, आधीची शाळा, सगळं. पण जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. पोरगं शाळेत घालताना वय बसावं म्हणून मास्तर लोक १ जून लिहायचे. अशा कितीतरी नोंदी मी स्वतः लिहिल्या आहेत. पोराचा बाप "सहा वर्षांचा असंल" म्हणायचा आणि आम्ही तारीख टाकायचो.

पेरणी

एक मनातलं बोलते. वर जे सगळं लिहिलंय ते जमीन असणाऱ्यांचं आहे. सातबारा, खासरा, मुंतखब. आमच्या घराकडं १९७० पर्यंत गुंठाभर जमीन नव्हती. माझा पणजा सालगडी होता. त्याचं नाव कोणत्या खात्यावर असणार? एका कार्यालयात गेले तर "तुमचं काय निघणार आहे?" असं विचारलं. परत जायची इच्छा झाली नाही.

दप्तरबंद

ताई, तो प्रश्न विचारणारा चुकला. तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी लिहिताना जमिनीच्याच चष्म्यातून लिहिलं.

तुमच्यासाठी सगळ्यात आधी १९५१ ची नोंदवही, ती जमिनीवर नाही, घरावर आहे. मग शाळेचं रजिस्टर. गावकीचं वतन, बलुतं होतं का ते बघा, येसकरी, जागल्या, कुंभारकी, न्हावीपण, कशाचंही. वतनाच्या इनाम जमिनी छोट्या असत, पण त्यांच्या वारस नोंदी झालेल्या असतात. सालगड्याचं नाव कधी कधी मालकाच्या घरच्या खतावणीत सापडतं, धान्य-कपड्याच्या हिशेबात. जुन्या पाटील-देशमुखांच्या घरी असे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. कोणी ओळखीचं असेल तर विनंती करून बघावी.

नागसेनवन

पेरणी ताई, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा विचार केला का? बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये ते सुरू केलं आणि मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यातली शिकणारी पहिली पिढी तिथं गेली. घरातला एखादा चुलता, मामा तिथं होता का विचारा. त्यांचे दाखले, वसतिगृहाचे कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत असतात. माझ्या वडिलांच्या पेटीत त्यांच्या आज्याचं नाव पहिल्यांदा दिसलं मला.

नांदेडकडचे असाल तर उस्मानशाही मिलमध्ये कोणी कामाला होतं का तेही विचारा.

पेरणी

मामा मिलिंदला होते! पेटी मामीकडं आहे. या रविवारी जाते. जय भीम, दादा.

काझीपेठ

मुस्लिम घरांसाठी एक ओळ: गावच्या काझींकडं निकाहाचा सियाहा असतो. वधू, वर, दोघांच्या वडिलांची नावं, वकील, साक्षीदार, मेहेर, सगळं नोंदलेलं. मुलीचं नाव हमखास असणारा आमच्याकडचा हा सगळ्यात जुना कागद. माझ्या दादीचं खरं नाव मला तिथंच कळलं, घरात सगळे बडीअम्माच म्हणायचे.

मोडीवाली

उशिरा आले. मोडी कागद निघाले तर घाबरू नका. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग होतात, छत्रपती संभाजीनगरलाही त्यांचं कार्यालय आहे. महिना-दोन महिन्यांत साधा कागद लागायला लागतो. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला, त्यात ५९९ मिळवायचे.

जुना कागद लॅमिनेट करू नका, हात जोडून सांगते. चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळून, घडी न घालता ठेवा, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला.

ताई, आईला ओव्या येतात का? जात्यावर बाई माहेरच्या गावाचं, भावाचं, आईचं नाव घेते. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसतील, पण ओवीत माहेर पुरं उभं करतात. पिढ्यान्पिढ्या तेच जातं, त्याच ओव्या. विचारून बघा.

दप्तरबंद

आणि हिप्परगा कोणतं हे ठरवायला आईला बाजाराचा वार विचारा. आठवडी बाजार कोणत्या गावी आणि कोणत्या वारी भरायचा हे म्हाताऱ्या माणसांना कधी विसरत नाही. जाताना नदी लागायची का, किती वेळा, गाडी मुक्कामी थांबायची का, गावात मारुती कोणत्या तोंडाचा, जत्रा कोणत्या महिन्यात. एका नावाची चार गावं असली तरी या चार गोष्टी चारही गावांत सारख्या नसतात.

लेंडीकाठची

मंडळी, दीड महिन्यानं लिहितेय. जे झालं ते सांगते.

बाजाराचा वार आईनं क्षणात सांगितला. मंगळवार, आणि बाजाराला जाताना एकदाच नदी, येताना गाडीचं चाक एकदा वाळूत रुतलं होतं तेही. तेवढ्यावर चार हिप्परग्यांपैकी दोन गळाली. तिसऱ्या गावात गेलो तर मारुतीच्या पारावर बसलेल्या बाबांनी आईच्या मामाचं नाव घेतल्याबरोबर घर दाखवलं. पडकं आहे, नुसता बुरुजाएवढा पांढऱ्या मातीचा ढीग आणि दारातली उखळ. आई गाडीतून उतरली, उखळीपाशी गेली आणि बसली. मी काही विचारलं नाही.

तहसीलमध्ये तिसऱ्या फेरीला पहाणी मिळाली, फसली १३४७ ची. फोटो शिकस्त दादांना पाठवले, त्यांनी एक पैसा घेतला नाही. अकराव्या पानावर, सर्व्हे नंबरच्या पुढं, कब्जेदाराच्या रकान्यात एक बाईचं नाव, त्यापुढं बेवा आणि पणजोबांचं नाव. सोळा एकर खुष्की. म्हणजे नवरा गेल्यावर तिनं जमीन स्वतःच्या नावावर ठेवली, त्याच सुमाराला लेकीचं लग्न केलं आणि घागर दिली.

नाव इथं लिहीत नाही, आधी मामेभावांना सांगायचंय. तीन अक्षरी आहे. घागर परत उन्हात धरली, बाईच्या आधीची झीज बोटानं मोजली. तीन अक्षरांची जागा आहे, आणि मधल्या अक्षराच्या वेलांटीचे दोन ठिपके अजून शाबूत आहेत.

संध्याकाळी आईला नाव वाचून दाखवलं. ती गप्प बसली, मग मांडीवर हात फिरवत हळूहळू एक ओवी म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीत तेच नाव आलं. आयुष्यभर ती ओवी म्हणत होती, मोठीआईनंच शिकवलेली. त्यातली बाई कोण हे कोणी तिला सांगितलं नव्हतं.

मोडीवाली ताई, ओवी रेकॉर्ड केली आहे. आज आणखी दोन आठवल्या आहेत म्हणाली, जेवण झालं की बसणार आहोत.